बकरी यादीत नव्हती

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीच्या शिपायाने माझ्या मोठ्या भावाच्या घराला शिडी लावली आणि भिंतीवर रंगवलेल्या माणसाच्या हातातलं धनुष्य चुन्याने झाकलं. बाण वेगळा होता, तोही झाकला. माणूस ठेवला.

बातमी मला भावाने फोनवर दिली. "ये. देखी जाय," एवढंच म्हणाला.

मी नंदुरबारला एका दैनिकाचं काम करतो. स्टेशनच्या रस्त्याला एका खोलीत आमचं कार्यालय आहे. खाली मिरचीच्या व्यापाऱ्याचं गोदाम असल्यामुळे हंगामात वर बसणारे सगळेच शिंकत बातम्या लिहितात. भावाचं गाव धानोऱ्याच्या बाजूला, मोटरसायकलने अर्ध्या तासाच्या आत. गावाचं नाव लिहीत नाही. तिथले लोक अजून मला चहा देतात.

भिंतीबद्दल आधी सांगायला हवं. घर दुमजली. रस्त्याकडच्या बाजूला खिडकी नाही, त्यामुळे ती अख्खी बाजू कोरी. कित्येक वर्षं तिच्यावर कापसाच्या बियाण्याची जाहिरात होती. म्हशीएवढं बोंड आणि शेजारी हसणारा शेतकरी. दरवर्षी कंपनी त्या शेतकऱ्याच्या शर्टाचा रंग बदलायची आणि भावाला एक टोपी आणि एक कॅलेंडर द्यायची. रंगकाम फुकटात होतं म्हणून भाऊ या व्यवहारावर खूश होता. भिंतीवरचा शेतकरी इतका कशासाठी हसतो, असा प्रश्न गावात कोणी विचारला नाही. फक्त एकदा, सगळीकडे बोंडअळी पडली त्या वर्षी, कोणीतरी त्याच्या दातांवर शेण मारलं होतं.

माझी पुतणी बडोद्याला चित्रकला शिकली. नंतर ती मोठ्या भिंती रंगवायला लागली. गावात याचा अर्थ 'पोरगी रंगकाम करते' असा घेतला गेला. भावाने तो दुरुस्त केला नाही आणि त्यामुळे दोन घरांनी त्याच्याकडे आतल्या खोल्यांचा भाव विचारला.

या आधी तिने दोन मोठ्या भिंती केल्या होत्या. एक पुण्यातल्या उड्डाणपुलाच्या खांबावर. त्यावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक लागला, मग दुसऱ्या पुढाऱ्याच्या, मग पहिल्याच्या श्रद्धांजलीचा. दुसरी बडोद्याच्या एका महाविद्यालयात. तपासणी समिती येणार म्हणून तिथल्या लोकांनी ती आदल्या दिवशी पांढरी करून टाकली. समिती आली नाही. दोन्ही भिंतींचे फोटो तिच्याकडे होते. कोणी 'फोटो तरी आहेत ना' म्हटलं की ती चिडायची.

"काका, मयत माणसाचा पण फोटो असतोच," ती मला म्हणाली होती. "मला एक भिंत अशी पाहिजे, जी मी गेल्यावर पण पुरी राहील. फक्त एक."

ती भिंत पोर्तुगालमध्ये होती. तिथलं बंदराचं एक शहर दरवर्षी वेगवेगळ्या देशांतल्या चित्रकारांना बोलावतं आणि प्रत्येकाला एकेका इमारतीची बाजू देतं. पुतणीचं नाव शेवटच्या काही जणांपर्यंत पोचलं होतं. निवड करणाऱ्यांपैकी एक बाई भारतात येणार होत्या आणि तिची एखादी भिंत त्यांना प्रत्यक्ष पाहायची होती. पाहण्यासारखी भिंतच उरली नव्हती. ती नवी करायची, तर आपल्या घराची करू, असं तिने ठरवलं. निवड झाली तर जो करार होणार होता, त्यात एक वाक्य होतं: उद्घाटनानंतर पाच वर्षं भिंतीवर कोणीही फेरफार करणार नाही. हे वाक्य तिने मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. मानधनाचं वाक्य तिने वाचलं नाही, मी विचारलं तेव्हा शोधावं लागलं.

भिंत भावाची. त्याला पटवण्यासाठी तिने मोबाइलवर जगभरच्या भिंती दाखवल्या. मेलबर्नच्या गल्ल्या, फिलाडेल्फियाच्या शाळा, लिस्बनमधल्या इमारती, दिल्लीतली लोधी कॉलनी. भाऊ पडवीत खाटेवर बसून बघत होता. पाच मजली इमारतीवर एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा आला तिथे त्याने तिचा हात धरून थांबवलं.

"इतली मोठी बाई काढी भितवर. तठे आतमा कोनी ऱ्हास का?"

"ऱ्हातस ना, आप्पा. लोके ऱ्हातस."

"मंग झोपतस कसा? नाकना भोकमा खिडकी शे!"

"त्यास्नी परवानगी दिधी व्हती."

"बाईनी का लोकेस्नी?"

पुढे त्याने घोडा पाहिला, मासा पाहिला, आणि एक चित्र पाहिलं ज्यात काय आहे हे पुतणीलाही सांगता आलं नाही. शेवटी म्हणाला, "काढ. पन मन्हा तोंड नको काढू. बियाणावालाले वाटी मी हासी ऱ्हायनू."

ही परवानगी समजण्यात आली.

तिने गावाची एक सकाळ काढली. हिवाळ्यात, बांबूची परांची बांधून, एकटीने. तळाशी मिरचीची रास आणि देठ काढत बसलेल्या बाया. मध्ये खाटेवर बशीतून चहा पिणारा म्हातारा, त्याच्या डोक्यावर पंखा. एका बाजूला शिलाई मशीनवर वाकलेली बाई, दुसऱ्या बाजूला छत्री धरून उभा असलेला मास्तर, छतावर पतंग उडवणारी मुलगी. सगळ्यांच्या मधून चालत जाणाऱ्या बकऱ्या, एक कुत्रा, दोन कोंबड्या. आणि सर्वांत वर, दोन पुरुष उंचीचा, भावाच्या केळीच्या बागेचा राखणदार. तो सातपुड्यातला, धडगावकडचा. रात्री बागेत रानडुकरं येतात म्हणून तो धनुष्य-बाण घेऊनच फिरतो. चित्रात त्याचा डावा हात पुढे ताणलेला होता, उजवा कानाशी, दोरी ओढलेली. परांची उतरवली त्या दिवशी तो स्वतः येऊन बघून गेला. त्याने दोरीची गाठ चुकल्याचं सांगितलं आणि तिने ती दुरुस्त केली. उजव्या कोपऱ्यात खाली तिने सही केली. ती नावाने सही करत नाही. बोटभर ब्रश काढते.

पाहुण्या बाई यायला आठवडा होता. तेवढ्यात आचारसंहिता लागली.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. उमेदवाराला यादीतलं मोकळं चिन्ह मिळतं. तरीही गावातली सगळी पक्षचिन्हं झाकायची असतात, आणि त्यात चूक काही नाही. धनुष्य सर्वांत आधी गेलं ते या नियमात. एवढ्यावर थांबलं असतं तर हा मजकूर लिहायची गरज नव्हती.

शिपायाला गाव तात्या म्हणतं. पंचायतीचा नळ सोडणं, दवंडी देणं, मोकाट जनावरं हाकणं आणि निवडणुकीत भिंती झाकणं ही त्याची कामं. मागच्या निवडणुकीत एका इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या पाटीवर पंखा उघडा राहिला होता आणि पंखा हे एका उमेदवाराचं चिन्ह निघालं. विरोधकाने तक्रार केली. तात्याला नोटीस मिळाली. तेव्हापासून पंखा दिसला की तात्या थांबतो, असं गावात सांगतात. मी स्वतः पाहिलं आहे: लग्नाच्या मांडवात जेवायला बसताना त्याने जागा बदलली.

यावेळी वरून मोबाइलच्या ग्रुपवर निरोप आला: 'सर्व चिन्हे तात्काळ झाकावीत.' सर्व म्हणजे कोणती, हे निरोपात नव्हतं. तात्याने मोकळ्या चिन्हांची छापील यादी मिळवली आणि धनुष्यानंतरच्या सकाळी ती घेऊन भिंतीसमोर उभा राहिला. मीही तिथे होतो.

यादी लांब होती. ती करणाऱ्यांनी माणसाच्या घरात, शेतात आणि दुकानात जे जे असतं ते बहुधा सगळं घेतलं होतं. पुतणीनेही चित्रात तेच घेतलं होतं.

"पंखा," तात्या म्हणाला आणि शिडी चढला. उतरला. "कपबशी."

"तात्या, तो चहा पी ऱ्हायना," पुतणी म्हणाली. "प्रचार नही करी ऱ्हायना."

"पी ऱ्हायना ते पिऊ दे. बशी बंद."

"मंग पी कशामा?"

"ते मन्हाकडे नही." त्याने बशी झाकली. "खाट."

"खाट काढी तं तो बठी कशावर?"

"जे यादीमा शे, ते भितवर नही. बस."

दुपारपर्यंत खाट, शिलाई मशीन, छत्री, पतंग आणि मिरचीची अख्खी रास गेली. मिरची यादीत हिरवी होती. तात्या थोडा वेळ लाल राशीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पिकी का लाल व्हस. पहिले हिरवीच व्हती ना?"

काम त्याने नीट केलं, ही नोंद करावी लागेल. चुना फक्त वस्तूवर लागला. माणसाच्या बोटालाही धक्का नाही. बशी धरलेली बोटं तशीच, बशी नाही. मास्तर मूठ वर करून उभा, छत्री नाही. बाया मांडी घालून पांढऱ्यातून पांढरं वेचत होत्या. म्हातारा हवेत बसला होता.

संध्याकाळी पारावरून लोक बघायला आले.

"हाई काय निवडी ऱ्हायन्यात वं? चुना?"

"मास्तर काबरं मूठ दाखाडी ऱ्हायना? पगार नही उना का?"

"आनि वर तो राखणदार देखा! एक हातमा सेल्फी, दुसरा हातनी फोन. धडगावमा रेंज उनी वाटस!"

राखणदार तिथेच उभा होता. तो हसला, पण बागेत जाऊन स्वतःचं धनुष्य घेऊन आला आणि चित्राच्या खाली भिंतीला टेकवून ठेवलं, म्हणजे लोकांना समजावं. तात्याने वरचा चुना पाहिला, खालचं धनुष्य पाहिलं आणि त्याला गोणपाट गुंडाळलं. सुतळीने बांधलं. राखणदाराने विचारलं, मग आज रात्री रानडुकरं आली तर? तात्या म्हणाला, मतमोजणीपर्यंत ओरडून हाकल.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात आली. जनावरांना हात लागला नव्हता. माणसांच्या हातातलं सगळं गेलं होतं आणि त्यांच्या मधून बकऱ्या आधीसारख्याच चालल्या होत्या.

"तात्या, बकरी ऱ्हायनी ना!"

"बकरी यादीमा नही. बकरीले कोन मत दी?"

"आतेपावत दिधं ना, भो!" पारावरून आवाज आला. कोणाचा, याची खात्री होऊ शकली नाही. नंतर तिघांनी तो आपला असल्याचा दावा केला.

पुतणी त्या दिवशी ग्रामसेवकाकडे गेली. मी सोबत होतो. मोकळी चिन्हं उमेदवारांना अजून वाटलेलीच नाहीत, मग ती झाकायची कशी, असं तिने विचारलं. ग्रामसेवक म्हणाला, प्रश्न बरोबर आहे. मग काढू का चुना? नको. मग लेखी आदेश दाखवा. लेखी नाही, ग्रुपवर आहे. मी विचारलं, वर लेखी मागितलं का? त्याने माझ्याकडे नवख्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"साहेब, आपण लेखी मागितलं तर ते आपल्याकडून लेखी मागतात."

मी त्याच संध्याकाळी बातमी पाठवली. भिंतीचा फोटोही जोडला, आधीचा आणि नंतरचा. आमच्या मुख्य कार्यालयातून फोन आला की बातमी घेत आहोत, पण आधीच्या फोटोत चिन्हं दिसतात आणि आचारसंहिता सुरू आहे. नंतरच्या फोटोत काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी चार ओळी आल्या, फोटोशिवाय, कापसाच्या भावाच्या खाली.

पुतणीने बाईंना कळवून टाकावं, येऊ नका म्हणावं, असं भावाचं मत होतं. तिने कळवलं. त्या वाटेत होत्या. तिकिटं काढलेली होती.

सुरतेकडून येणाऱ्या गाडीने त्या नंदुरबारला उतरल्या. पिकलेले केस, सुती कुडता, पायात बूट, गळ्यात कॅमेरा. सोबत पुण्याचा एक तरुण, दुभाषी. मी भाड्याची पांढरी गाडी घेऊन गेलो होतो. मिरची वाळत घातलेल्या पथारींच्या बाजूने गाडी निघाली तेव्हा बाईंनी काच खाली केली, बाहेर पाहिलं आणि पुढची पंधरा मिनिटं खोकल्या. दुभाष्याने विचारलं, इथे लोक राहतात कसे. मी सांगितलं, काच वर करून.

गावात गाडी शिरताना तात्या पंचायतीच्या ओट्यावर होता. पुढे जे झालं ते समजायला त्याच्या बाजूने पाहायला हवं. आदल्या बैठकीत सांगितलं गेलं होतं की निवडणूक निरीक्षक केव्हाही, न कळवता येतील. निरीक्षक बाहेरचा असतो, त्याला इथली भाषा येत नाही, तो पांढऱ्या गाडीतून येतो, त्याच्यासोबत भाषा सांगणारा आणि एखादा पत्रकार असतो, आणि तो फोटो काढतो. गाडीतून नेमकं हेच उतरलं. तात्या आत गेला, शर्टाची बटणं लावली, केसांना पाणी लावलं आणि चुन्याची बादली घेऊन निघाला.

तोपर्यंत बाई भिंतीसमोर उभ्या होत्या. पुतणी त्यांच्या बाजूला, हात मागे बांधून. भाऊ पडवीत. बाई भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. मग दुभाष्याशी बोलल्या, आणि तो पुतणीकडे वळला.

"त्यांना हे पांढरे भाग फारच आवडलेत. म्हणतायत, गेल्या काही वर्षांत त्यांनी पाहिलेल्या भिंतींमध्ये इतकं धाडसी काही नव्हतं. हातात काही नसलेली माणसं. विचारतायत, ही कल्पना तुम्हाला कधी सुचली?"

भाऊ पडवीतून उठला आणि आमच्याजवळ येऊन, पुण्याच्या माणसाला कळणार नाही अशा बेताने हळू म्हणाला, "हो म्हन, माय. पहिलेपासूनच व्हती म्हन."

पुतणी भिंतीकडे बघत होती. मला वाटतं ती वरच्या हाताकडे बघत होती, जिथे तिने गाठ दुरुस्त केली होती.

"नाही," ती म्हणाली. "पांढरं माझं नाही. मी सगळं भरून काढलं होतं. पांढरं तात्यांनी केलंय."

भाऊ माझ्याकडे वळला. "तूच शिकाडं व्हई तिले हाई."

मी पत्रकार आहे. खरं बोलायला मी कोणाला शिकवल्याचा पुरावा नाही.

नेमका तेव्हा तात्या पोचला. त्याने बादली खाली ठेवली, नमस्कार केला आणि शाळेच्या मराठीत म्हणाला, "मॅडम, आचारसंहितेचे काटेकोर पालन सुरू आहे."

दुभाष्याने ते सांगितलं. बाईंचे डोळे मोठे झाले. त्यांनी कॅमेरा सुरू केला. नंतरची प्रश्नोत्तरं माझ्या समोर झाली.

हे तुम्ही केलं? हो, मॅडम. एकट्याने? हो, मॅडम, पंचायतीत दुसरा शिपाई नाही. काय झाकायचं हे कसं ठरवलं? यादी आहे. यादी कोण करतं? वरून येते. बाईंनी वर पाहिलं. मग बकऱ्या का ठेवल्या?

"बकरी यादीत नाही, मॅडम. हवं तर झाकतो."

"नाही, नाही," दुभाषी घाईने म्हणाला. हे त्याने बाईंना न विचारता सांगितलं.

मग बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला: तुमच्या मते हे काम आता पूर्ण झालं आहे का?

हा प्रश्न एका चित्रकाराने दुसऱ्याला विचारावा तसा होता. तात्याला तो निरीक्षकाने विचारावा तसा ऐकू आला. त्याचा चेहरा उतरला. काहीतरी राहिलं असणार, म्हणूनच विचारतायत. त्याने भिंत डावीकडून तपासायला सुरुवात केली. प्रत्येक माणसाचे हात पाहिले. बायांच्या कमरा पाहिल्या, किल्ली खोचलेली आहे का म्हणून. कोंबड्यांच्या मागे वाकून पाहिलं. उजव्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तो थांबला. यादी काढली.

"ब्रश," तो म्हणाला.

"तात्या," पुतणी पुढे झाली, "ती मन्ही सही शे."

"सही नावनी करतस, माय. ब्रशनी नही."

"मी ब्रशनीच करस."

तात्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा कॅमेऱ्याकडे. हळू आवाजात तिला म्हणाला, "मन्ही नोकरी शे वं, बाई." आणि चुना लावला. सही बोटभर असल्यामुळे बोटानेच लावला.

कॅमेरा सुरू होता. बाईंनी तो नंतर बंद केला. त्यांनी पडवीत चहा घेतला, बशीतून कसा प्यायचा हे भावाकडून पाहून तसा प्यायल्या, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या. निर्णय सांगितला नाही.

"सही गई, भित गई, पोर्तुगाल गयं," भाऊ म्हणाला. खरोखरचा निरीक्षक त्या निवडणुकीत गावात आला नाही.

निकाल लागला. भावाच्या वॉर्डात कपबशी निवडून आली आणि खाट पडली. दोन दिवसांनी कपबशीवाला भावाकडे पेढे घेऊन आला आणि भिंतीवरची बशी आता उघडी करावी, जमल्यास थोडी मोठी करावी, असं म्हणाला. त्याच दिवशी खाटवाल्याने निरोप पाठवला की खाट झाकलेलीच राहू द्या, पाहवत नाही. भावाने दोघांना सांगितलं, भिंत आजारी आहे, कोणी भेटायला येऊ नका.

प्रत्यक्षात कोणालाच काही करावं लागलं नाही. रंगावर चुना धरत नाही. ऊन वाढलं तसे त्याचे पोपडे निघायला लागले. सर्वांत आधी बशी दिसली, मग मिरची. पंखा होळीपर्यंत पांढराच राहिला. धनुष्य अर्धं उघडलं आणि दोरी दिसेना, त्यामुळे राखणदार आता वाकडी काठी धरून फोनवर बोलतो असं लोक म्हणू लागले. त्याचं खरं धनुष्य गोणपाटातून मतमोजणीच्या दिवशीच सुटलं होतं.

पत्र उन्हाळ्याच्या तोंडाशी आलं. निवड झाली होती. पण पुतणीने ज्यासाठी अर्ज केला होता, ते त्यात नव्हतं. तिने त्या शहराची एक सकाळ रंगवावी आणि उद्घाटनाच्या दिवशी, लोकांसमोर, तिथल्याच नगरपालिकेच्या एका कर्मचाऱ्याने यादी वाचून त्यातल्या वस्तू पांढऱ्या कराव्यात, अशी त्यांची इच्छा होती. शेजारच्या सभागृहात तात्याचं चित्रीकरण दाखवलं जाणार होतं. तात्यालाही निमंत्रण होतं. पाच वर्षांचं वाक्य करारात होतं, पण ते पांढरं केल्यानंतर लागू होणार होतं.

तिने उलट विचारलं, भिंत तशीच पूर्ण ठेवता येईल का? उत्तर आलं की पांढरा भाग हाच या कामाचा प्राण आहे.

"म्हणजे तिथेही तात्या आहेच," ती मला म्हणाली.

"मग जाणार नाहीस?"

"जाईन. निदान उद्घाटनापर्यंत तरी पुरी राहील."

तात्याने ग्रामसेवकाकडे रजा मागितली. ग्रामसेवकाने कारण विचारलं. तात्या म्हणाला, परदेशात भिंतीला चुना लावायचा आहे. कारण नोंदवायला रकाना नसल्याने रजा मिळाली नाही. पासपोर्टही नव्हता, पण तो प्रश्न तिथपर्यंत पोचलाच नाही.

पुढचं सगळं पुतणीने फोनवर सांगितलेलं आहे आणि त्यातलं मुख्य मी तिच्यासोबत असलेल्या दुसऱ्या एका चित्रकाराकडूनही विचारून घेतलं. तिने बंदराची सकाळ काढली. मासे विकणाऱ्या बाया, ट्राम, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, दारात खुर्ची टाकून बसलेला म्हातारा, त्याच्या हातात कप. सहा मजली भिंत. वर समुद्रपक्षी. एक बकरी तिने कुठेतरी घातली. ती तिथे काय करते, हे कोणी विचारलं नाही.

उद्घाटनाला लोक जमले. नगरपालिकेचा कर्मचारी वेळेवर आला. केशरी जाकीट, यांत्रिक शिडी, बादली. आयोजकांनी त्याच्या हातात यादी दिली. त्याने ती पूर्ण वाचली, भिंत पाहिली, आणि विचारलं की आदेश कुठे आहे. हीच यादी, आयोजक म्हणाले. ही यादी आहे, तो म्हणाला, मला माझ्या कार्यालयाचा लेखी आदेश लागेल. हे कलेचं काम आहे, त्याला समजावण्यात आलं. मग कलावंताने करावं, तो म्हणाला, मी नगरपालिकेचा माणूस आहे आणि ही भिंत घाण नाही. फोन केले गेले. शनिवार होता, कार्यालय बंद होतं. त्याने शिडी गाडीवर चढवली, हजेरीच्या कागदावर आयोजकांची सही घेतली आणि निघून गेला. हाच कार्यक्रम होता असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी पुतणीकडे पाहिलं. ब्रश तिच्याच हातात होता. तिने तो धुऊन ठेवला.

मी तिला तीन गोष्टी विचारल्या. सोमवारी आदेश आला का? नाही आला. दुसऱ्या कोणी पांढरं लावलं का? नाही. पाच वर्षं केव्हापासून मोजली जाणार? पांढरं करण्याची तारीख करारात उद्घाटनाचीच होती, म्हणून त्याच दिवसापासून, असं तिथल्या वकिलाने लिहून दिलं आहे.

तिने पाठवलेल्या फोटोत भिंत पूर्ण आहे. उजव्या कोपऱ्यात खाली बोटभर ब्रश आहे.